फोडणीला भिणारी माता

आमचे सासरे रोज दिवेलागणीला ओसरीवर पोथी सोडायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, की मातेला सारं करता येतं, तिच्या मर्जीबिगर काडी हालत नाही. आत चुलीपाशी भाकरी थापता थापता मी हे ऐकायची आणि मनातल्या मनात म्हणायची, बरं बाप्पा.

देवळीपासून बैलगाडीच्या वाटेवरचं आमचं गाव. स्वातंत्र्य येऊन सहा-सात वर्षं झाली असतील. देवीची लस टोचणारा माणूस सायकलवर गावात आला, तेव्हा मातेच्या या थोर भक्तानं काय करावं? माझ्या चार वर्षांच्या पोरीला कापसाच्या खोलीत लपवलं आणि बाहेरून कडी लावली. का, तर टोचलं की माता कोपते. पाऊस, पीक, जन्म, मरण सगळं जिच्या हातात, ती एवढ्याशा सुईला भिते. मी विचारलं तर म्हणाले, "सूनबाई, तुले समजत नाई." खरंच समजत नव्हतं. अजूनही समजत नाही.

त्याच वर्षी उन्हाळ्यात पोरीला माता आली. म्हणजे अंगभर देवीचे फोड. पण आमच्या घरी तो आजार नव्हता, पाहुणी होती. दाराला कडुलिंबाचा डहाळा लागला, आमच्या ह्यांची दाढी बंद, माझी वेणीफणी बंद, आणि मुख्य म्हणजे घरात फोडणी बंद. तेल तडतडलेलं मातेला सोसत नाही म्हणे. आम्ही फिक्कं वरण गिळायचो आणि पोर तापानं फणफणायची.

मग फोड उजव्या डोळ्यात आला. बुबुळ पांढरं पडायला लागलं. मी म्हटलं, गाडी जुंपा, वर्ध्याच्या दवाखान्यात नेऊ, डोळा तरी वाचेल. सासरे दारात उभे राहिले. "माता घरात असताना पोरीले दवाखान्यात नेता? अपमान होते तिचा." ह्यांनी बैलांकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं आणि खाली बसले. असा संताप आला मला त्या बसण्याचा.

तेवढ्यात शेजारणीकडून भज्यांचा वास आला. सासऱ्यांना आयतंच कारण सापडलं.

"तरी म्हणतो डोळा काऊन बिघडून राह्यला. तिच्या कढईच्या वासानं माता रुसली."

"मामाजी, मातेच्या मर्जीबिगर काडी हालत नाई ना?" मी म्हटलं. "मंग शेजारणीचं तेल कोणाच्या मर्जीनं तापलं? मातेनंच तापवलं अन् माताच रुसली? अन् राग काढला माह्या लेकरावर?"

"परीक्षा पाहून राह्यली माता."

"जिले सारं आधीच मालूम हाय, तिले परीक्षा कायले लागते?"

ते पोथीच्या फडक्याला गाठ मारत बसले. घट्ट बसलेली गाठ सोडून पुन्हा मारली. गाडी काही जुंपली गेली नाही.

पोर वाचली, डोळा गेला. सासरे गावभर सांगत फिरले, मातेची कृपा, एक डोळा ठेवला. माझं डोकं भणभणायचं. डोळा वाचवता येत नव्हता, तर ही सर्वशक्तिमान कसली? आणि येत असून वाचवला नाही, तर असल्या बाईला मी उंबऱ्यावर उभंसुद्धा केलं नसतं. तिची ओटी भरायची तर गोष्टच सोडा.

पण ओटी भरली गेली. वर पोरीच्या जिवासाठी बोललेला नवस फेडायचा म्हणून सासऱ्यांनी सोनाराकडून चांदीचे डोळे घडवून आणले. लहानशा देवळात आम्ही सगळे दाटीनं उभे होतो. शेंदूर फासलेल्या मातेला कोणीतरी वाहिलेले जुने चांदीचे डोळे होतेच. सासऱ्यांनी त्यांच्यावरच आमचे नवे मेणानं चिकटवले आणि हात जोडले.

पोर माझ्या कडेवर होती. आताशा तिला काही पाहायचं तर सगळी मान फिरवावी लागायची. तशी मान फिरवून तिनं डाव्या डोळ्यानं बराच वेळ मातेकडे पाहिलं.

"माय, तिले त पहिलेच दोन होते ना?"

"होते," मी म्हटलं.

सासरे घंटा वाजवायला लागले.