त्याला कुत्र्यांच्या गल्ल्या पाठ होत्या

कुत्री पकडणाऱ्या त्या माणसाला कामावरून काढायला लावलं, ते मीच. एका कुत्रीला मानगुटीला धरून तो गाडीत कोंबत होता. मी व्हिडिओ काढला, लेखी तक्रार दिली, ‘हे क्रौर्य बंद करा’ म्हणून पत्रक वाटलं. आठवड्यात नगरपालिकेच्या ठेकेदारानं नवी माणसं आणली.

नंतर तो मला नसबंदी केंद्राच्या फाटकाशी दिसला. हातभर चावल्याचे पांढरे व्रण. पिंजऱ्याच्या जाळीत बोट घालून तो नव्या पोरांना सांगत होता, “हे पिठाच्या गिरणीवालं. हे पोस्टाच्या भिंतीपाशी निजते.”

पोरं हसली. “कुत्र्याईचं आधार कार्ड काढतं काय बे बुढ्या?”

मला पाहून तो चिडला नाही. “पकडताना मोबाइल काढला ताई तुम्ही. सोडताना पाहाले काहून नाही आल्या? ज्याची गल्ली त्याले नेऊन देत होतो मी.”

“क्रूरता ती क्रूरताच,” मी म्हणाले.

आता कुत्री अलगद जाळीत उचलतात आणि ऑपरेशननंतर सगळी एकदमच गावाबाहेर राळेगावच्या रस्त्यावर सोडतात. घर शोधत निघालेली ट्रकखाली येतात. मी पुन्हा पत्रक काढलं: जिथून पकडलं तिथंच सोडा. नगरपालिकेतल्या साहेबांनी विचारलं, “कोणतं कुठलं, हे सांगणार कोण?”

सांगणारा एकच होता. ठेकेदार म्हणतो, रोजंदारीवरचा होता, कुठला कोण जाणे. शेवटी मी माझीच तक्रार उघडली. तिच्यात मी त्याला ‘संबंधित इसम’ म्हटलं होतं. नाव विचारलंच नव्हतं.