पिपाणीवाल्यासाठी भांडुप ते चारकोप

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे शिपायांची आंघोळ. रविवार होता. मी काचेच्या टाकीतलं शिळं पाणी रबरी नळीने मोरीत सोडलं. बायकोने, वत्सलाने, सातही शिपाई टॉवेलवर ओळीने निजवले आणि जुन्या टूथब्रशने घासले. एकाचा हात खेकड्याच्या नांगीसारखा, त्याच्या काखेत शेवाळ धरलं होतं. "मेल्या, काख धुवूक नको?" म्हणून त्याला दटावलंन. मग मी ताजं पाणी भरलं, चहा प्यायलो. मंगळवारी ती गेली. तासाभरात आटपलं सगळं. त्यावर जास्त लिहीत नाही.

हे शिपाई खेळण्यातले, प्लास्टिकचे, तळहातावर मावतील एवढे. पुढे कधीतरी समुद्राच्या तळाशी लढाई होणार अशी कायतरी परदेशी गोष्ट आहे, त्यातली ही पलटण. डोक्यावर काचेचा टोप, पाठीवर हवेच्या नळ्या. मी चाळीस वर्षं नळाची कामं केली. पहिला शिपाई मुलुंडला एक तुंबलेला संडास काढताना पाइपात सापडला. घरातली बाई म्हणाली फेकून द्या, मी घरी आणला. वत्सलाने त्याला तीनदा उकळला आणि बादलीत सोडला, तर हा पालथा होऊन वर तरंगायला लागला.

वत्सला मालवणकडची, बाप-भाऊ जाळी टाकणारे. तिला ते बघवेना. "पाण्यातलो शिपाय आणि तरंगता? ह्येका बुडूक शिकवूक व्हया (ह्याला बुडायला शिकवायला हवं)." तिने दाभण तापवून त्याच्या बुटांना खालून भोकं पाडली, जाळ्याला ओवतात ते शिशाचे मणी पोकळ पायांत भरले, वरून मेण लावलं. शिपाई तळाला ताठ उभा. तिथून नाद लागला. बारा वर्षांत सात जमले, कोणी भंगारवाल्याकडून, कोणी रस्त्यावरच्या जुन्या बाजारातून. आठवा राहिला. एक शिपाई खोक्यासकट मिळाला होता, त्या खोक्याच्या मागे त्याचं चित्र होतं, तोंडाला पिपाणी लावलेला. "पाण्यात पिपाणी कोणाक ऐकवता ह्यो?" म्हणून वत्सला हसून बेजार व्हायची. तिला तोच हवा होता.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. मुलगा सुहास म्हणाला, "आई, बाबांना सांभाळीन." कावळा झाडावर पाठ करून. सून म्हणाली, नातीला शिकवू. कोणी म्हणालं, गावच्या घराची कौलं बदलू. अर्धा तास झाला. भटजींनी घड्याळ बघून दर्भाचा कावळा करायला घेतला. मी उठलो आणि सगळ्यांसमोर मोठ्याने म्हटलं, "वत्सला, तुझा पिपाणीवाला आणतो. शब्द." कावळा उतरला. भूक लागली असेल त्याला, मी काय सांगू? सुहासने मान खाली घातली. वत्सलाचा भाऊ बबन मात्र म्हणाला, "भावजीनू, आता आणूकच लागतलो."

अकरा महिने नुसते गेले. वर्षश्राद्धाला पंधरा दिवस उरले. बबन गावाहून येणार आणि दारातच विचारणार, खंय आसा पिपाणीवालो? चाळीस माणसांसमोर दिलेला शब्द. आमच्या इमारतीतले लोक काशीला, काश्मीरला जातात आणि मंडळाच्या अंकात लिहितात. मी भांडुपहून चारकोपला गेलो, ते लिहितोय.

शनिवारी सकाळी घावणे केले, जाड झाले. डब्यात घावणे आणि त्यावर नमुन्याला म्हणून टॉर्चवाला शिपाई आडवा ठेवला. बसने घाटकोपरला उतरलो. तिथे खेळण्यांचं एक जुनं दुकान मला ठाऊक होतं. दुकानदाराने टॉर्चवाल्याला उलटसुलट केला.

"काका, ये माल तो कब का बंद हुआ. किसके लिए चाहिए? नातू?"

"बायकोला."

"भाभी खेलती हैं?"

"खेळायची."

त्याने टॉर्चवाल्याला डब्यात परत निजवला आणि म्हणाला, आज अंधेरीला अशा खेळण्यांच्या शौकिनांचा मेळावा आहे, तिकडे बघा. पत्ता कागदावर लिहून दिला. शेजारच्या गाडीवर डोसा खाल्ला. आत बटाटा, वर चीज, त्यावर शेव. डोशाची पार वाट लावली होती, पण पोट भरलं आणि डबा वाचला.

घाटकोपरहून मेट्रो. पिशव्या तपासायच्या मशीनमधून डबा गेला आणि तिथला पोलीस महाराष्ट्राचा असूनही पोलिसी हिंदीत ओरडला, "काका, डिब्बे में ये आदमी कौन है?" पडद्यावर बघितलं तर घावण्यांवर एक माणूस निजलेला, हातातला टॉर्च भाल्यासारखा दिसत होता. मागे रांग खोळंबली. मी डबा उघडून दाखवला. "पलटणीतला आहे. ड्यूटीवर चाललाय." त्याने टॉर्चवाल्याला सलाम ठोकला आणि मला सोडलं. असा माणूस सरकारी कामात क्वचित भेटतो.

अंधेरीचा मेळावा औद्योगिक वसाहतीतल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टमधून माल जात होता, माणसांनी जिने चढायचे. वर शंभरेक माणसं, सगळी कमावती, दाढ्या पिकायला लागलेली, आणि देवळात बोलावं तसं हळू बोलत होती. एका टेबलावर प्राची नावाची तिशीची बाई पांढरे हातमोजे घालून बसली होती.

"पिपाणीवाला आहे का?" मी खोक्यावरचं कापून आणलेलं चित्र पुढे केलं.

"ओह, हा! काका, ती पिपाणी नाही. पाण्याखालून इशारा द्यायचं यंत्र आहे ते."

"असेल. आमच्याकडे पिपाणी म्हणतात."

"लूज हवाय की सील्ड? म्हणजे खोकं न उघडलेलं?"

"न उघडता आतला बघायचा कसा?"

"बघायचा नसतो काका, ठेवायचा असतो." तिने टॉर्चवाल्याला हातात घेतलं आणि किंचाळलीच. "पायाला भोकं? काका, वाट लावलीत की याची!"

"वाट नाही लावली बाई. पायावर उभा केलाय."

तिला पटलं नाही. पण मनाने चांगली. पिपाणीवाला मुंबईत तिच्या माहितीत एकाकडेच आहे, चारकोपच्या मिलिंदकडे, म्हणाली, आणि समोरच फोन लावला. "या म्हणालाय. पण विकणार नाही हं. वीस वर्षांत त्याने एक खोकं उघडलेलं नाही."

डी. एन. नगरला पुलावरून चालत दुसरी मेट्रो धरली. ही मालाडच्या अंगाने जाते. डावीकडे टोलेजंग इमारती, त्यांच्या फटीतून लांबवर कांदळ (खारफुटी) हिरवीगार दिसते. भरती होती, पाणी चमकत होतं. बघत बसलो आणि उतरायचं ते स्टेशन, डहाणूकरवाडी, मागे गेलं. पुढच्या स्टेशनवर उतरलो. रिक्षावाल्याला चारकोप म्हटलं तर तो म्हणाला, "नजदीक है, चलके जाओ." चलके गेलो. पाऊण तास. त्याचं नजदीक त्यालाच लखलाभ.

मिलिंद पन्नाशीचा, कचेरीत नोकरी, चष्मा, सभ्य. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. आतल्या खोलीत भिंतभर काचेची कपाटं, त्यात खोकी, आणि एसी चालू.

"हा एसी त्यांना आहे काका, मला नाही," त्याची बायको अश्विनी म्हणाली. "मी बाहेर पंख्याखाली."

"अगं, खोक्यांचे रंग उडतात उन्हाळ्यात."

"माझा उडाला, तो दिसला नाही."

तिने दडपे पोहे दिले. मीठ कमी होतं, तरी मी दोनदा घेतले. मग मिलिंदने पिपाणीवाला आणला. खोकं कोरं, पुढच्या प्लास्टिकमधून तो बघतोय, गाल फुगवून.

"घेणार तर काय करणार?" मिलिंदने विचारलं.

"उघडणार. पाण्यात घालणार."

"मग नाही देत. माफ करा काका."

मी खोटं बोललो असतो तर मिळाला असता. पण असल्या कामाला खोटं बोलून चालत नाही. मी त्याला दहाव्याची हकीकत सांगितली. कावळ्याशी आल्यावर तो हसला, मग चष्मा काढून पुसत राहिला. टॉर्चवाल्याला हातात घेऊन म्हणाला, "जड आहे. काय आहे आत?"

"शिसं. बायकोने भरलंय."

"आणि खरंच उभा राहतो? पाण्यात?"

अश्विनीने विचारायच्या आतच भाताचं मोठं पातेलं पाणी भरून आणून ठेवलं. मी टॉर्चवाल्याला सोडला. तो हळूहळू खाली गेला, बूट टेकले, उभा. टॉर्च पुढे. मिलिंद गुडघ्यावर बसून नाक पाण्याला लागेपर्यंत वाकला. "वीस वर्षं," तो म्हणाला, "वीस वर्षं यांना कोरडं ठेवलं मी." त्याच्याकडे दोन सुटे शिपाई होते, खोकं नसलेले, म्हणून ड्रॉवरमध्ये टाकलेले. ते सोडले, तर दोघेही पाय वर करून तरंगले. अश्विनीला हसू आवरेना. "अरे मिलिंद, तुझी पलटण गचकली!"

मिलिंद उठला, कात्री घेतली आणि पिपाणीवाल्याचं खोकं स्वतःच कापलं. "पैसे नकोत काका. माझ्या या दोघांना उभं करून द्या."

"देतो," मी म्हटलं.

परतीला डब्यात टॉर्चवाला आणि पिपाणीवाला, घावणे तसेच. मेट्रोत बसायला जागा मिळाली. बाहेर मालाडचे दिवे लागत होते आणि मला आतून गुदगुल्या होत होत्या. शब्द पाळला, बबनला तोंड दाखवता येईल. मग गोरेगावच्या आसपास ध्यानात आलं की हे शिसं भरायचं काम मी आयुष्यात केलेलं नाही. टाकी उचलायची, पाणी बदलायचं, एवढंच माझं. शब्द मी आणायचा दिला होता, उभा करायचा नाही. तो भाग तिने आपल्याकडे ठेवला होता, आणि आता तोही माझ्यावर आला. चाळीस वर्षं लोकांचे नळ दुरुस्त केले, पण घरातलं बारीक काम तिचं, हे मला त्या गाडीत पहिल्यांदा नीट कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गॅसवर दाभण तापवली. पिपाणीवाल्याच्या उजव्या बुटाचं भोक मोठं पडलं, त्यात मणी जास्त गेले. बोटही भाजलं. मेण लावून टाकीत सोडला. खाली गेला, टेकला, उभा राहिला, पण एका अंगाला कललेला, शेजारच्याच्या कानाजवळ पिपाणी नेलेला. दोनदा बाहेर काढून बघितला. कलतोच. मग तसाच ठेवला आणि चारकोपला फोन लावला.

"मिलिंदराव, पुढच्या रविवारी तुमच्या दोन्ही शिपायांना घेऊन या. पण आधीच सांगतो, वाकडे उभे राहतील."

"किती वाकडे?"

"पडणार नाहीत एवढे," मी म्हटलं. "बाईंनाही आणा."