रविवारची काळी वायर

घाटकोपरच्या आमच्या चाळीत रविवारी सकाळी माणसं आंघोळ करून, टीव्हीला हार घालून बसायची. त्या सकाळी त्याच हातांनी त्यांनी माझ्या भावाची कॉलर धरली. ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं. पौराणिक मालिकेची वेळ जवळ आलेली, उदबत्त्या लागलेल्या, आणि चाळभर पडद्यावर नुसती खरखर. रोज वाकून नमस्कार करणाऱ्या खालच्या मजल्यावरच्या मास्तरांनी भावाच्या मुस्काटात मारली.

भाऊ केबल चालवायचा. गच्चीवरच्या अँटेनाची चपटी वायर आमच्या खोलीतल्या व्हिडिओ मशीनला यायची. तिची नाटकं फार, शेजारी कुणी मिक्सर लावला की चित्रात मुंग्या. मशीनपासून आमच्या टीव्हीपर्यंत पिनांची आखूड वायर होती, तिच्यातून चित्र थेट यायचं, स्वच्छ. चाळीला जायची ती वेगळी, काळी आणि जाड. तिच्या पोटात तांब्याची तार, चित्र त्या तारेतून जायचं. तिच्याभोवती प्लास्टिक, त्यावर बारीक तारांची जाळी, बाहेरचा कचरा चित्रात शिरू नये म्हणून. तार आणि जाळी एकमेकींना टेकली की खलास, पुढच्या सगळ्या घरांत खरखर. भावाच्या भरवशावर लोकांनी आपापले अँटेना केव्हाच भंगारात दिले होते.

आमच्या घरात मात्र चित्र झकास होतं. म्हणून भावाने ठरवून टाकलं की वायर बाहेर कुणीतरी कापली. कुणी, तेही ठरवलं. खालच्या गल्लीत स्वतःची केबलची लाइन टाकलेला एक जण होता, आमच्याच गावचा, आमच्या आईला काकी म्हणत तिच्या हातचं जेवून मोठा झालेला. भावाने काळ्या वायरीचा तुकडा दुहेरी करून हाताला गुंडाळला आणि निघाला. मागे सगळी चाळ.

"अरे, आधी लाइन बघ तरी," मी म्हटलं.

"तू गप गं. त्याचं नाटक मी आज बंद करतो."

चित्र आलं तरच ही माणसं थांबतील, नाहीतर त्या पोराला जिवंत सोडणार नाहीत, हे मला स्वच्छ कळत होतं. मी मशीनपासून काळी वायर चाचपत निघाले. बाहेर जायची वेळच आली नाही. आमच्याच टीव्हीच्या वर, भिंतीवरून गेलेल्या त्या वायरीत आईची गोधडीची जाड सुई आरपार खुपसलेली होती. झेंडूचा हार ओवून झाला की सुई हरवू नये म्हणून ती कुठेही खोचून ठेवायची, कधी पडद्यात, कधी कॅलेंडरात. सुईत दोरा तसाच होता. आई हात जोडून, डोळे मिटून बसली होती. मी सुई उपसली आणि घराघरांतून एकदम संगीत ऐकू आलं.

मी धावत खाली गेले. तो पोरगा गटाराच्या कडेला पडला होता. पाठीवर वायरीचे वळ, सदरा फाटलेला, एक डोळा बंद, आणि हात कोपरापाशी भलतीकडेच वळलेला. "मिया तोडूक नाय रे," एवढंच म्हणत होता, आणि मास्तर चपलेने त्याच्या तोंडावर मारत होते. तेवढ्यात गॅलरीतून कुणीतरी ओरडलं, चित्र आलं. झालं. मास्तरांनी चप्पल पायात घातली आणि गर्दी पळत वर गेली, सुरुवात चुकू नये म्हणून. त्या पाठमोऱ्या माणसांची मला आजही किळस येते.

"कुठे कापलेली?" भावाने धापा टाकत विचारलं.

"कापली नव्हती. आईने सुई खोचली होती."

भावाच्या हातातली वायर सुटली. त्याने खाली बसून त्या पोराचं डोकं मांडीवर घेतलं. पोराने रक्त थुंकलं आणि उघड्या डोळ्याने आधी माझ्याकडे, मग भावाकडे बघितलं.

"काकीक सांगा नको," तो म्हणाला.