हिवरडोहच्या भिंतीवरचं नाव

नाशिकहून बीडची गाडी पहाटे सुटली तेव्हा माझ्या पिशवीत दोन साड्या, एक थर्मास आणि पाठ केलेलं भाषण होतं. विषय माझ्या जिव्हाळ्याचा. खेळाडूनं ठरलेला आकडा गाठला की त्याला मानाच्या जागी बसवलंच पाहिजे, त्यात कुणाच्या मर्जीचा संबंध नाही. कॉलेजात मी बेसबॉल खेळले, पुढे वीसेक वर्षं सामन्यांची गुणनोंद केली. आकड्यांवर माझा नवऱ्यापेक्षा जास्त विश्वास आहे, आणि हे नवऱ्यालाही माहीत आहे.

या विषयावर माझं आणि जावयाचं जुनं भांडण. लेक आणि जावई अमेरिकेत असतात. तिकडे बेसबॉलच्या थोर खेळाडूंसाठी एक मानाचं दालन आहे आणि तिथे कुणाला घ्यायचं ते मतं टाकून ठरतं. मी म्हणते, ज्यानं तीन हजार फटके मारले त्याच्यावर मतं कसली घेता? दार उघडा आणि आत घ्या. जावई निखिल म्हणतो, "आई, नुसता आकडा म्हणजे खेळाडू नव्हे." दर रविवारी फोनवर आमची जुंपते आणि लेक कंटाळून फोन बाजूला ठेवते.

त्यामुळे बीड जिल्ह्यातल्या हिवरडोह नावाच्या गावातून विकास नावाच्या मुलाचा फोन आला तेव्हा मी हरखलेच. गावात बेसबॉलचा क्लब, विकास त्याचा सचिव. क्लबची मानाची भिंत आहे. रुक्मीण नावाची पिचर आहे, म्हणजे चेंडू टाकणारी. तिनं शंभराच्या वर गडी बाद केलेत, तरी तिचं नाव भिंतीवर चढत नाही. "मॅडम, तुमी येऊन आकड्याचं समजावून सांगा. आमचं म्हातारं मंडळ ऐकंना." मी तारीखसुद्धा न विचारता हो म्हटलं.

बीडला उतरले तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. तिथून वडवणीची एस.टी. पकडली. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, मधे मधे उसाचे पट्टे आणि लांबवर बालाघाटचे बुटके डोंगर. शेजारच्या आजोबांनी बंडीच्या खिशातून सीताफळ काढून निम्मं माझ्या हातावर ठेवलं आणि मी कुणाची कोण, कुठं चालले, कशाला, हे सगळं वडवणी यायच्या आत काढून घेतलं. बेसबॉल म्हटल्यावर ते म्हणाले, "ते दांडक्याचं न्हवं का? हिवरडोहचं. लई जोरात हाय तिथं." आणि बिया खिडकीबाहेर टाकायला लागले.

वडवणीला आठवडी बाजार होता. पुढे हिवरडोहला वडाप (भरेल तशी सुटणारी जीप) जाते. बाजाराच्या तोंडाशी ती उभी होती आणि आत बायका खच्चून भरल्या होत्या. एक जागा रिकामी, पण तिच्यावर पिशवी. मी पिशवीकडे बोट दाखवलं तर एक ठसठशीत बाई म्हणाली, "ती जागा शकुंतलेची हाय. ती आल्याबिगर जीप हलायची न्हाई."

ड्रायव्हर कातावला होता. "आवं पर परळीची गाडी कवा यायची? माझी दुसरी खेप गेली ना."

"जाऊ दे गेली तर. तुला कावून घाई?"

मलाही घाई होती. प्रमुख पाहुणी मीच आणि पोचणार उशिरा, हे मला खपण्यासारखं नव्हतं. मी ड्रायव्हरची बाजू घेऊन दोन शब्द सुनावले. बायकांनी माझ्याकडे असं पाहिलं की तिसरा शब्द घशातच राहिला. शेवटी विकासला फोन केला. तो मोटारसायकल घेऊन आला आणि मी या वयात, साडी सावरत, धुळीच्या रस्त्यानं हिवरडोहला निघाले. मागे वळून बघितलं तर जीप तशीच उभी होती.

वाटेत विकासनं सगळं सांगितलं. हिवरडोह हे कुस्तीचं गाव. तालमीच्या बाहेरच्या भिंतीवर गावच्या पैलवानांची नावं रंगवायची पद्धत जुनी. पुढे शाळेवर आलेल्या एका खेळाच्या मास्तरांनी मुलामुलींना बेसबॉल शिकवला, कुस्ती मागे पडली आणि हा खेळ रुजला. भिंत तीच राहिली आणि भिंतीचा कायदाही तोच राहिला. शंभर जणांना हरवून झालं की नाव फक्त पुकारलं जातं. ते भिंतीवर जायचं तर त्या खेळाडूपुढे हरलेलं कुणीतरी भर सभेत उठलं पाहिजे, मांडीवर शड्डू ठोकला पाहिजे (कुस्तीआधी पैलवान मांडीवर थाप मारतात तो) आणि म्हटलं पाहिजे की मी याच्यापुढं हरलो. दर वर्षी जत्रेच्या सभेत, असं तीन वर्षं नाव पुकारतात. तिसऱ्या वर्षीही कुणी उठलं नाही तर ते कायमचं सोडून देतात.

"आणि रुक्मीणसाठी?"

"दोन वर्सं झाली. कोनीच उठलं न्हाई. आज तिसरं."

"इतकी वाईट आहे का ती?"

"वाईट न्हाई वो. पुरुषांचं सोपं हाय. हरलेला गडी शेजारच्या गावात असतो, बोलावला की येतो. हिच्यापुढं हरलेल्या समद्या पोरी लग्नं होऊन कुठं कुठं गेल्या. सासरहून जत्रेला कोन सोडतंय? आन तेबी हरले म्हनून सांगायला." मग जरा थांबून म्हणाला, "म्हनून आमचं म्हननं, आकडा भरला की नाव चढलं. कायदाच बदलून टाकू."

मी मनात म्हटलं, पोरगं लाखात एक आहे. निखिलला हे ऐकवायलाच हवं.

गावात पोचल्यावर आधी जेवण. क्लबचे प्रमुख भगवानमामा, एके काळचे पैलवान, कान अजून कुस्तीतले मुडपलेले. त्यांच्या घरी ज्वारीची भाकरी आणि येसर (धान्य आणि मसाले भाजून केलेली पूड) घातलेली आमटी. एवढी झणझणीत की पहिल्या घासाला मी माझं भाषण विसरले आणि दुसऱ्या घासाला नाक वाहायला लागलं. मामींनी न विचारता तुपाची वाटी पुढे सरकवली. मी तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि वर लाजलेही नाही.

मैदान गावाबाहेर, तुरीच्या शेताला लागून. गवत मेंढ्यांनी कातरून ठेवलेलं, अगदी सारखं. या मेंढ्या रुक्मीणच्याच. तिशी ओलांडलेली, उंच, काळीसावळी बाई, डोईवर पदर, हातात काठी. पावसाळा सोडला तर घरदार घेऊन कळपामागे फिरते, आणि या दिवसापुरती मुद्दाम वाट वाकडी करून येते. मी तिला माझ्या भाषणाचा मुद्दा उत्साहानं सांगितला. तिनं शांतपणे ऐकून घेतला.

"बाई, तुमी लांबून आलाव, तुमचा मान हाय," ती म्हणाली. "पर मला आकड्यावर नाव नको."

"अगं, आकडा तुझा आहे. कुणी दान देत नाहीये."

"माझाच हाय. पर ती भिंत बगा जाऊन. वरती जिंकलेल्याचं नाव, खाली उठलेल्याचं. माझ्या नावाखाली काय लिवणार? शंभर?"

मी तालमीकडे गेले आणि भिंत पाहिली. खरंच, प्रत्येक मोठ्या नावाखाली बारीक अक्षरात दुसरं नाव होतं, गावासकट. जिंकणारा हिवरडोहचा, हरणारा केजचा, माजलगावचा, गेवराईचा. जिंकलेल्यांची नावं वाचून मला काही वाटलं नाही, मी कुणालाच ओळखत नव्हते. खालची नावं वाचताना मात्र पाय हलेनात. स्वतःच्या हरण्याखाली सही करायला ही माणसं इतक्या लांबून आली होती. मला मोठा राग आला, कुणाचा ते कळेना. बहुधा पाठ केलेल्या भाषणाचाच.

ऊन कलल्यावर सभा भरली. मामा उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "रुक्मीण, हिवरडोह. हिच्यापुढं हरलेलं कोनी हाय का?"

हलगीवाला थांबला होता. रुक्मीण मधोमध काठी टेकून उभी होती, नजर सरळ तुरीकडे. कुणी उठलं नाही. मामांनी दुसऱ्यांदा विचारलं. मागे एका बाळाला ठसका लागला, तेवढाच आवाज. विकास माझ्या कानाशी कुजबुजला, "मॅडम, आता बोला. तिसऱ्यांदा इचारलं की संपलं." मी उठले खरी, पण रुक्मीणनं माझ्याकडे पाहून मान हलवली. मी तशीच खाली बसले. मामांनी तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं होतं.

तेवढ्यात रस्त्यावरून हॉर्न ऐकू आला. नुसता हॉर्न नव्हे, दाबून धरलेला. धुरळ्यातून तीच वडाप आली, थेट मैदानाच्या कडेला लागली आणि तिच्यातून त्या बायका उतरायला लागल्या. सगळ्यांच्या पुढे एक बुटकी, पदर खोचलेली बाई पळत येत होती. हीच ती शकुंतला, जिच्यासाठी जीप खोळंबली होती.

"मामा, थांबा. इचारू नका," ती धापा टाकत म्हणाली. "मी शकुंतला. माहेर वडवणी, आता धर्मापुरीला दिलेली. मी हिच्यापुढं हरले." आणि तिनं साडीवरूनच मांडीवर असा शड्डू ठोकला की पुढच्या रांगेतली पोरं दचकली.

तिच्यामागून ती ठसठशीत बाई पुढे आली. "इंदूबाई, चौसाळा. मी बी हरले. एकदा न्हाई, दर साली." थाप. मग तिसरी, "कडूबाई, केज. माझी ब्याट हवेतच ऱ्हायली वो मामा, चेंडू कवाच गेलता." थाप. चौथी आली ती भांडतच, "सुमन, माजलगाव. हरले, पर तिसरा चेंडू गुडघ्याच्या खाली होता. पंच आंधळा होता." सगळी सभा हसायला लागली आणि सुमननं हसणाऱ्यांकडे रागानं बघत शड्डू ठोकला. पाचवी, सहावी, सातवी. हलगी कधी सुरू झाली ते कळलंच नाही.

मामा डोळे पुसत होते आणि पुसत नसल्याचं दाखवत होते. "आगं, एक उठली तरी पुरतं," ते म्हणाले.

शकुंतला म्हणाली, "मागल्या साली मोबाईलवर बगितलं. ही अशी उभी, आन समदे गप. मला जेवण गोड लागंना. हिनं मला बाद केलं तर मला वाटायचं, चला, चांगल्या हातानं बाद झालाव. मंग एकेकीला फोन लावले. कुनाच्या सासूला समजावलं, कुनाच्या नवऱ्याला. माझाच नवरा शेवटपतोर सोडंना, म्हनून उशीर."

रुक्मीण इतका वेळ काठीला धरून होती. आता काठी पडली. ती सरळ जाऊन शकुंतलेच्या गळ्यात पडली आणि मोठ्यानं रडली. तिच्याभोवती सगळ्या जमल्या. मीही रडले, आणि का रडू नये? भाषणाचा कागद मी मघाशीच तुरीच्या बांधावर सोडून दिला होता.

मग बायकांनी खेळायचा हट्ट धरला. पदर खोचून शकुंतला बॅट घेऊन उभी राहिली आणि रुक्मीणनं चेंडू टाकला. पहिला गेला, दुसरा गेला, तिसऱ्याला शकुंतलेनं जीव खाऊन बॅट फिरवली आणि स्वतःभोवती गिरकी घेऊन धुळीत बसली. चेंडू मागे झेलणाऱ्या पोरीच्या हातात होता. "अजून तशीच हाय बाई," ती खालूनच म्हणाली, आणि तिच्या तोंडावर असा आनंद होता की जणू तिनंच सामना मारला.

भिंतीपाशी रंगाऱ्याची पंचाईत झाली. मोठं नाव झालं, खाली जागा एकाच नावापुरती. तो म्हणाला, "कुनाचं लिवू?" बायका एका सुरात म्हणाल्या, समद्यांची. तो अक्षरं बारीक करत करत खाली सरकत गेला आणि शेवटी जोत्याशी पालथा पडून त्यानं सुमनचं नाव लिहिलं. सुमननं तिसऱ्या चेंडूबद्दलही लिहायला सांगितलं, ते मात्र मामांनी ऐकलं नाही. कायदा बदलायचा विषय कुणी काढला नाही, विकासनंही नाही. पुढच्या वर्षीपासून बायकांसाठी क्लबनं जीप पाठवायची, एवढं तेवढ्यात ठरलं. वडापवाल्यानं स्वतःहून जिम्मा घेतला, वर मला म्हणाला, "तुमी मघाशी उगं घाई केली, ताई."

दुसऱ्या दिवशी परतीच्या वाटेला लागले. कापूस, ऊस, डोंगर सगळं उलट्या बाजूनं परत गेलं. गावातून चषक जिंकून आणल्यासारखी माझी मान ताठ होती, खरं तर जिंकलं कुणी आणि मिरवत होतं कोण. बीड मागे पडलं आणि निखिलचा फोन आला. त्याला सगळी हकीकत सांगितली.

"म्हणजे आई, आकडा पुरेसा नाही हे तुम्ही मान्य केलंत."

"आणि तुमच्या तिकडे मतं टाकतात त्यांच्यातला कुणी कधी त्या खेळाडूंसमोर मैदानात उभा होता का? ते आधी सांग."

तो हसला. "बरं, रुक्मीणचा नक्की आकडा किती? किती जणी बाद केल्या तिनं?"

विकास सांगणार होता, पण जेवणाची हाक आली. मग विचारायचं राहूनच गेलं. वीस वर्षं गुणनोंद केलेली बाई मी.

"ते माहीत नाही," मी म्हटलं. "पण लिहून घे. धर्मापुरीची शकुंतला, चौसाळ्याची इंदूबाई, केजची कडूबाई, माजलगावची सुमन. थांब, अजून आहेत."