मावशीने साहेबांचं नाक फोडलं

माझी मावशी बावीस वर्षं रबराच्या कारखान्यात होती, त्यातली शेवटची नऊ पाळीप्रमुख म्हणून. मशीनच्या घरघराटातही तिची हाक शेवटच्या माणसापर्यंत पोचायची, म्हणून कामगार तिला भोंगा म्हणत. अर्थात तिच्या पाठीमागे.

तिच्याकडे दोन लोखंडी रोलर एकमेकांकडे फिरत आणि त्यांच्या फटीतून गरम रबराची लादी निघे. हात आत गेला तर ओढायला डोक्यावर एक दोरी होती. ती ओढली की मशीन थांबायची. पूर्वी दोरी तुटली की मावशी फिटरला ओरडायची, "अरे ए, हे आधी बघ!" आणि तो चहा अर्धा टाकून धावायचा. कारण रोलरवाले, फिटर, हमाल, सगळे तिच्याच हाताखाली होते.

मग नवे साहेब आले. त्यांनी भिंतीवर चौकटींचा मोठा तक्ता लावला. उत्पादन वेगळं, दुरुस्ती वेगळी, नियोजन वेगळं, आणि प्रत्येकाचा प्रमुख वेगळा. "दुसऱ्याच्या खात्यात कोणी ढवळाढवळ करायची नाही," असं त्यांनी सभेत बजावलं. फिटर मावशीच्या चौकटीतून गेले. कामगार उगाच मशीन बंद पाडतात म्हणून बंद करायची बटणंसुद्धा स्विचच्या खोलीत हलवली, आणि ती खोली दुरुस्ती खात्याची झाली. "माझे पाय काढून शेजारच्या खोलीत ठेवलेत, आणि म्हणतात चाल," मावशी घरी म्हणाली.

दोन महिन्यांनी दोरी तुटली. दुरुस्तीप्रमुख म्हणाला, मशीन बंद करून द्या, माणूस पाठवतो. उत्पादनप्रमुख म्हणाला, नियोजनाच्या कागदाशिवाय मशीन बंद होणार नाही. नियोजनप्रमुखाने पुढच्या महिन्याची तारीख दिली. मावशीने तिघांनाही अर्ज लिहिले.

सहाव्या दिवशी एका फिटरला राहवलं नाही. तो स्वतःहून शिडी घेऊन आला. उत्पादनाच्या मुकादमाने त्याची गचांडी धरली, "कोणाच्या हुकमाने आलास?" फिटरने हातातला पाना सरळ त्याच्या तोंडावर हाणला. दोन दात जमिनीवर पडले. दोन्ही खात्यांची माणसं धावून आली आणि काल एकाच डब्यात जेवलेले लोक एकमेकांना लाथाबुक्क्यांनी तुडवायला लागले. एकाचा कान फाटला. मावशीने दोघांना केसांना धरून ओढलं, तिलाही कोपर बसलं.

साहेबांनी फिटरला काढून टाकलं, दोन खात्यांच्या मधे जमिनीवर पिवळी रेघ मारून घेतली आणि स्विचच्या खोलीला कुलूप ठोकलं. दोरी तशीच लोंबत राहिली.

बाराव्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं उरली असताना, पैलवानाचा हातमोजा रबराला चिकटला. पैलवान म्हणजे सगळ्यात जुना रोलरवाला. काडीसारखा बारीक, म्हणून पैलवान. बोटं गेली, मग मनगट. त्याच्या ओरडण्याने मावशी धावली, वर पाहिलं, अर्धी दोरी. ती तशीच स्विचच्या खोलीकडे पळाली. कुलूप! किल्ली दुरुस्तीप्रमुखाच्या खिशात, आणि तो सभेत.

तिने पहार उचलली. तीन घावांत कडी तुटली, चौथ्याला दार आत कोसळलं. तिने मेन स्विच खाली खेचला तेव्हा रोलर कोपरापर्यंत पोचले होते. चौघांनी रोलरचं चाक हाताने उलटं फिरवून फट मोकळी केली. हाताचं जे बाहेर आलं, त्याबद्दल मावशी कधीच बोलली नाही.

तेवढ्यात साहेब आले. "कोणाला विचारून बंद केलंत? सगळी लाईन थांबलीय!" रोलरमागे पडलेला पैलवान आपल्याला दिसला नव्हता, असं त्यांनी नंतर सांगितलं. खरंही असेल.

मावशीने हातातली पहार आधी खाली ठेवली, हे साक्षीदारांनी एकमुखाने सांगितलं. मग तिने ठोसा हाणला. नाकाचं हाड मोडल्याचा आवाज आला. साहेब पडले, तरी ती थांबली नाही. पोटात, बरगड्यांत लाथा घालत राहिली. तिला मागे खेचायला तीन माणसं लागली.

चौकशीत प्रत्येक प्रमुखाने तोच तक्ता पुढे करून आपली चौकट स्वच्छ असल्याचं दाखवलं. मावशीची नोकरी गेली, वर चार महिन्यांचा तुरुंग. साहेबांची बदली झाली. नवी दोरी मात्र दुसऱ्याच दिवशी बांधली गेली, एकाही सहीशिवाय.

ती सुटून आली त्या आठवड्यात पैलवान घरी आला. डावी बाही कोपराच्या वरपासून रिकामी. मी पाणी दिलं, त्याने घेतलं नाही.

"साहेबाला बडवलंस. बरं वाटलं असेल तुला," तो म्हणाला.

मावशीने पाण्याचा पेला त्याच्याकडे सरकवला.

"पहिल्याच दिवशी म्हणाली असतीस, दोरीशिवाय कोणी मशीनला हात लावायचा नाही, तर आम्ही सगळे खाली बसलो असतो. तुझ्या एका शब्दावर."

"तो अधिकार माझ्याकडे ठेवला नव्हता रे त्यांनी."

"अधिकार कोण मागत होतं? आम्ही तुझं तोंड बघत होतो."

तो गेल्यावर तिने दार लावून घेतलं. साहेबांना मारल्याचा पस्तावा तिला कधी झाला नाही, हे मला ठाऊक आहे. पण त्या दिवशी ती स्वतःच्या तोंडावर हात मारून घेत मला म्हणाली, "अर्ज लिहीत बसले गं मी. सुवाच्य अक्षरात."

मी तिचे दोन्ही हात घट्ट धरून ठेवले, पण माझ्यात तेवढी ताकद नव्हती.