सासूबाईंनी आखलेली रिकामी ओळ

तीन वर्षं मी प्रभुभोजनाची थाळी हातात घेऊन तशीच पुढे सरकवली. मनात कुणाविषयी अढी असेल तर आधी त्याच्याशी समेट करायचा, मगच भाकर घ्यायची, अशी आमच्या चर्चच्या मंडळीत रीत आहे. माझी अढी माझ्या दोन बाकं पुढेच बसायची. ती म्हणजे माझी धाकटी जाऊ, शीला. दर रविवारी मी देवाला बजावत असे, "प्रभू, तिचं मन बदल." प्रार्थना कसली, हुकूमच तो! आणि तो पाळला जात नाही म्हणून मी देवावरही रुसले होते. तो माझं ऐकतो तरी का, अशी शंका मला येऊ लागली होती.

भांडण झालं ते सासूबाईंच्या पवित्र शास्त्रावरून, म्हणजे त्यांच्या मराठी बायबलवरून. नागपूरकडून रायपूरला नांदायला आल्या तेव्हा त्यांनी ते सोबत आणलं होतं. त्याच्या पहिल्या कोऱ्या पानावर त्यांनी पेन्सिलीने ओळी आखल्या होत्या आणि घरात जन्मलेल्या प्रत्येक मुलाचं नाव तिथे लिहिलं होतं. शेवटची काही वर्षं त्या पुरानी बस्तीत शीलाकडे राहिल्या. त्या प्रभूत निजल्या आणि तिसऱ्याच दिवशी मी ते शास्त्र उचलून पिशवीत घातलं. शीला आडवी आली. मी पडले तोंडाची फटकळ, सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले, "तुह्या पोट्ट्याले मराठी बोलता तरी येते काय? त्याच्या काय कामाचं हे?" तिचा सुमित दारातच उभा होता. तो तसाच आत निघून गेला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद झालं. सुमितच्या लग्नाला मी गेले नाही. त्याला मुलगी झाली, हे मला मंडळीतल्या बायकांकडून कळलं.

यंदा हिवाळ्यात त्या शास्त्राची शिवण उसवली आणि पानं सुटू लागली. गोल बाजारामागच्या गल्लीत पुस्तकं बांधून देणारे एक म्हातारे जिल्दवाले बसतात, असं कुणीतरी सांगितलं म्हणून एका दुपारी मी त्यांच्याकडे गेले. ते मला ओळखत नव्हते, मीही त्यांना प्रथमच पाहत होते. त्यांनी पहिलं पान उजेडात धरलं आणि नावं एकेक करून वाचली. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाले, "दीदी, काग़ज़ की कोर गल गई है. नीचे की ये लाइन ख़ाली है, काट दूँ? घर में किसी का नाम बाकी हो तो लिख दो, मैं बचा लूँगा." असं म्हणून त्यांनी खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं.

पेन हातात घेतलं खरं, पण लिहू काय? सुमितच्या मुलीचं नाव मला माहीतच नव्हतं. तीन वर्षं जिच्या मनासाठी मी देवापुढे बसत होते, तिच्या नातीचं नावही मी कुणाला विचारलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली की त्या स्टुलावर मान खाली घालून मी रडले. जिल्दवाल्यांनी पेन परत घेतलं. सुटी पानं नीट जुळवून त्यांनी एका फडक्यात बांधून दिली.

मी तशीच ऑटोने पुरानी बस्तीला गेले. तिने दार लावून घेतलं तर? एरवी मी भांडणाचीसुद्धा वाक्यं तयार करून जाणारी बाई. त्या दिवशी एकही वाक्य सुचेना. "प्रभू, आता तू नेशील तसं," एवढंच म्हटलं आणि कडी वाजवली.

शीलानेच दार उघडलं. मी म्हणाले, "शीला, माह्यं चुकलं. नातीचं नाव काय ठेवलं? मले माहीत नाही."

तिने फडक्यातलं शास्त्र ओळखलं. "आईले शेवटी दिसत नव्हतं, ताई," ती म्हणाली. "रोज सुमितच वाचून दाखवे. अडखळे, पण मराठीच वाचे. तुमी कधी विचारलंच नाही."

एवढ्यात सुमित बाळाला घेऊन बाहेर आला. "आओ बड़ी मम्मी," म्हणत त्याने मला आत बसवलं आणि मुलीला माझ्या मांडीवर दिलं. मग खाली बसून त्याने त्या शेवटच्या ओळीवर सावकाश लिहिलं: रूथ. सुट्या पानांतून त्याने आजीचं आवडतं स्तोत्र बरोबर शोधून काढलं आणि अडखळत वाचलं. माझं मराठी एवढं चांगलं, पण ते स्तोत्र त्या दिवशी मी त्याच्याकडून ऐकलं.

शास्त्र आता शीलाकडेच आहे. सुमितनेच ते बांधून आणलं, ती ओळ शाबूत आहे. जिल्दवाल्यांना देवदूत म्हणावं की नाही, मला ठाऊक नाही. ते आपलं कागद बघून कापणारे गृहस्थ. पण दुसऱ्याचं मन बदलण्याचं काम मी देवाला नेमून दिलं होतं आणि त्याने माझंच मन हाती घेतलं, याबद्दल मी रोज त्याचे आभार मानते.

त्या भेटीनंतरच्या रविवारी मी शीलाच्या शेजारी बसले. थाळी आली. तिने भाकर घेतली, थाळी माझ्यापुढे धरली आणि हळूच म्हणाली, "घ्या ना, ताई."

मी घेतली.