फाटकावर वाचलेली नावं

विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय आता कधीही होईल असं सगळे म्हणत होते, त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. मी आणि माझी मैत्रीण तेव्हा परभणीत शेतकीच्या शेवटच्या वर्षाला होतो. तिचे वडील पाथरीकडं शिक्षक, घर बौद्ध. आमचं घर पेडगावकडचं, भरपूर जमीन असलेलं.

एका शाळेत सरकारकडून आलेले दोन कॉम्प्युटर खोक्यातच पडून होते. हेडमास्तरांनी आम्हाला त्या खोलीची किल्ली दिली. शाळा सुटल्यावर रुळांपलीकडच्या बौद्ध वस्तीतली अकरा मुलं यायची. कळफलकाला हात लावायच्या आधी नळावर हात धुऊन यायची, कुणी सांगितलं नव्हतं तरी. पहिल्या आठवड्यात प्रत्येकानं आपलं नाव, बापाचं नाव आणि गल्ली टाईप केली. प्रिंटर करकरत कागद बाहेर टाकायला लागला तशी सगळी त्याच्याभोवती गोळा झाली. तोच कागद आमचं हजेरीपत्रक झाला. सगळ्यात धाकटी, नऊ वर्षांची, नाव घेतलं की ताडकन उभी राहून 'हजर' म्हणायची.

गावात मात्र हवा बदलत होती. भिंतींवर रोज नवी अक्षरं दिसायची. ऑटोत माणसं बोलताबोलता आमच्याकडं बघून गप्प व्हायची. शाळेचा शिपाई एकदा म्हणाला की बाई, अंधार पडायच्या आत कुलूप लावत जा. का, ते त्यानं सांगितलं नाही.

त्याच आठवड्यात माझे मामा होस्टेलवर आले. आईनं दिलेला डबा घेऊन. मी कौतुकानं त्यांना वर्गाबद्दल सांगितलं, कागदही दाखवला. त्यांनी तो सावकाश, ओळीवर बोट ठेवत वाचला. पोरं लय हुशार दिसतात म्हणाले. वह्यापुस्तकं द्यायची तर नावं लागतील, एक कागद दे, म्हणाले. मी दुसरी प्रत काढून दिली. त्यांनी ती चार घड्या घालून खिशात ठेवली.

चौथ्या दिवशी वर्ग सुटला तेव्हा फाटकाबाहेर तिघं सायकली टेकवून उभे होते. ओळखीचं कुणी नव्हतं. एकाच्या हातात आमचा कागद होता. प्रिंटरच्या कागदाला असतात ती कडेची भोकं मला लांबूनच दिसली. मुलं बाहेर पडायला लागली तसा तो एकेक नाव वाचायला लागला. शिवी नाही, दमदाटी नाही. नाव, बापाचं नाव, गल्ली. अगदी आमच्यासारखंच. धाकटीचं नाव आलं आणि ती सवयीनं थांबून म्हणाली, "हजर."

तो हसला, कागद खिशात घातला आणि तिघं निघून गेले.

मैत्रिणीनं मुलांना घट्ट धरून वस्तीपर्यंत पोचवलं. ती परत आल्यावर मी तिला खरं सांगितलं, मामांना कागद मीच दिला होता. तिनं खोलीला कुलूप लावलं. मग एवढंच म्हणाली, "उद्या वस्तीत येऊन हे तूच सांग. मी सांगणार न्हाई."

मी गेले. धाकटीच्या बापानं उभ्याउभ्याच ऐकून घेतलं. तो रागावला नाही, त्याचंच मला जास्त भ्या वाटलं. त्यानं विचारलं, "बाई, त्या कागदावर आमची गल्लीबी हाय का?" मी हो म्हणाले. त्यानं आत बघून बायकोला सामान आवरायला सांगितलं.

मामांना मी गावी जाऊन विचारलं. ते सुपारी कातरत होते. "नाव वाचणं काय गुन्हा हाय का, पोरी?" म्हणाले. कागद कुणाला दिला ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. मीही पुन्हा त्यांच्या घरी पाऊल ठेवलं नाही.

जानेवारीत विद्यापीठाचं नाव बदललं. शाळा काही दिवस बंद होत्या, रस्त्यावर पोलीस होते. आमच्या अकरांपैकी कुणाला इजा झाली नाही, निदान मला कळलं तेवढ्यात तरी. वर्ग पुन्हा सुरू झाला तेव्हा चौघं आले, आयांसोबत. आया व्हरांड्यात भिंतीला पाठ लावून, फाटकाकडं तोंड करून बसायच्या, तासभर. मी मध्येच पाणी प्यायला बाहेर गेले की चौघींची नजर माझ्याकडं वळायची. धाकटीचं घर नांदेडकडं कुठंसं गेलं असं कळलं. पत्ता मी कुणालाच विचारला नाही.